बडोद्यातल्या एका सोसायटीची बाग: पेट्रोलचं मशीन, बॅटरीचं मशीन आणि मधला माळी

2025 च्या मार्चमध्ये बडोद्याच्या समा भागातल्या एका बंगल्यांच्या सोसायटीनं ठराव केला की 1 जूनपासून आवारात पेट्रोलवर चालणारं बागकामाचं कुठलंही मशीन चालणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू होत्या आणि सकाळी सातच्या ठोक्याला ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडपं कापायचं लांब दांड्याचं मशीन, सुरू व्हायचा. तक्रारी आधीपासूनच होत्या, परीक्षेनं त्यांना धार आली. हात वर झाले, ठराव पास झाला. दुसऱ्या दिवशी बागेच्या कॉन्ट्रॅक्टरचा सेक्रेटरींना फोन आला, "काका, बॅटरीवर काम करायचं तर महिन्याचे पैसे वाढवा, नाहीतर दुसरा माणूस बघा."

दोघेही बडोद्याचे जुने मराठी. सेक्रेटरीकाका नोकरीतून निवृत्त झालेले, कॉन्ट्रॅक्टर दांडिया बाजारातला, वडिलांच्या वेळेपासून बागांची कामं घेणारा. भांडायची इच्छा कुणालाच नव्हती. माझं काम अशा मशीनांची दुरुस्ती करायचं आणि कुठल्या कामाला काय घ्यावं ते सांगायचं, म्हणून दोघांनी मिळून मला बोलावलं. त्या वेळी जो हिशोब मांडला आणि पुढे दिवाळीपर्यंत जे घडलं ते इथे लिहितो आहे, कारण हाच वाद आता बऱ्याच सोसायट्यांमध्ये सुरू आहे आणि दोन्ही बाजूंनी निम्मीच माहिती फिरते आहे.

माझं मत आधीच सांगतो. "पेट्रोल की बॅटरी" असा एकच प्रश्न सगळ्या बागेला लावला की उत्तर चुकतं. कुंपण कातरण्याला वेगळं उत्तर येतं, उंच गवताला वेगळं. आणि ज्याच्या हातात मशीन असतं तो माळी हिशोबाच्या बाहेर राहिला तर सगळे आकडे बरोबर असूनही निर्णय चुकतो.

आवारात काम कसलं होतं

मधल्या कॉमन प्लॉटवर हरळीची लॉन. आतल्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना कडू मेंदीची कमरेएवढी कुंपणं, आणि खरं काम तिथेच. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कातरली नाहीत तर फांद्या रस्त्यावर येतात. आसोपालवाची रांग, थोडे कडुनिंब, एक जुना पिंपळ. पानगळीत पिंपळ एकटाच सगळ्यांना पुरून उरतो.

मागच्या बाजूला भिंतीला लागून कांस, म्हणजे पावसाळी पाण्याचा नाला. भिंतीच्या आतली लांबलचक पट्टी सोसायटीचीच. तिथे गाजरगवत, छातीपर्यंत वाढणारं रानगवत आणि वेड्या बाभळीचे फुटवे, ज्याला इथे सगळे गांडो बावळच म्हणतात. ही पट्टी दुर्लक्षून चालत नाही. विश्वामित्री नदीला पूर आला की बडोद्यात मगरी वस्तीत शिरतात, हे शहराला नवीन नाही, आणि साप तर दर पावसाळ्यात निघतातच. पावसाआधी पट्टी साफ हवी, म्हणजे पाय कुठे टाकतोय ते दिसतं.

या सगळ्याला कॉन्ट्रॅक्टरकडे चार मशीनं होती: 52 सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर, कुंपण कातरायचा लहान इंजिनाचा पेट्रोल हेज ट्रिमर, हवेनं पानं उडवायचा पेट्रोल ब्लोअर आणि ढकलायचा फोर-स्ट्रोक लॉन मोअर. चालवणारे दोघे, दाहोदकडचे. थोरल्याला सगळे माळीदादा म्हणतात, धाकटा त्याचा पुतण्या.

टू-स्ट्रोकचा धूर

रहिवाशांची तक्रार आवाजाची होती. धुराबद्दल फार कुणी बोललं नव्हतं, पण मला तो मुद्दा आवाजाइतकाच मोठा वाटतो.

टू-स्ट्रोक इंजिनात वेगळ्या झडपा नसतात. जळलेला वायू बाहेर ढकलायचं काम नव्यानं आत येणारं पेट्रोल-हवेचं मिश्रणच करतं. त्या क्षणी आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं अशी दोन्ही भोकं उघडी असतात, म्हणून ताज्या मिश्रणाचा चांगला मोठा वाटा न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. साध्या इंजिनात हा वाटा पाव हिश्शाच्या आसपास असतो. टाकीत शंभर रुपयांचं पेट्रोल ओतलं तर त्यातले पंचवीसेक रुपये वाफ होऊन माळीदादाच्या तोंडावर येतात. वर पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल, त्याचा निळा धूर वेगळाच.

कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं एक हिशोब मांडला आहे. व्यावसायिक कामाचा पेट्रोल लीफ ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं तयार करणारं जितकं प्रदूषण होतं, तितकं 2017 ची टोयोटा कॅमरी सुमारे 1100 मैल चालवून होतं. म्हणजे बडोदा-मुंबई दोनदा जाऊन-येऊन वर थोडं अंतर उरेल. हा हिशोब न जळलेल्या इंधनाचा आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचा आहे, कार्बन डाय-ऑक्साइडचा नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. नाहीतर त्यातून भलतेच निष्कर्ष निघतात. तिथे 2021 मध्ये कायदा झाला आणि 2024 च्या मॉडेलपासून बागकामाच्या बहुतेक नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांची विक्री थांबवायचं ठरलं. आपल्याकडे अशी बंदी नाही. सोसायटीचा ठराव हा सोसायटीनं स्वतःपुरता केलेला नियम होता, त्यामागे सरकारी सक्ती नव्हती.

पेट्रोलच्या मशीनांना गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी एक दुखणं लागलं आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. मोटारीत ते पटापट जळून जातं. माळ्याच्या कॅनमध्ये मात्र ऑइल मिसळलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तर झपाट्यानं ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. टू-स्ट्रोकला तेलपाणी मिळतं ते फक्त इंधनातूनच. तळाचा थर कार्ब्युरेटरमध्ये गेला तर इंजिन ऑइलशिवाय फिरतं आणि पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. माझ्याकडे पावसाळ्यानंतर येणाऱ्या मशीनांमध्ये कार्ब्युरेटरमधले कडक झालेले डायफ्राम, म्हणजे रबरी पडदे, आणि चिरलेल्या इंधननळ्या नेहमीच्याच झाल्या आहेत. कॉन्ट्रॅक्टरला मी सांगितलं, मशीन कुठलंही ठेवा, पण मिश्रण दोन-तीन दिवसांत संपेल इतकंच करा आणि उरलेलं मशीनमध्ये ठेवू नका.

माळीदादाचे हात

पहिल्या भेटीत मी दोघांचं काम नुसतं बघत बसलो. माळीदादानं दीडेक तास पेट्रोल हेज ट्रिमर चालवला, मग ब्रश कटरची नायलॉन दोरी संपली म्हणून नवी भरायला बसला. ट्रिमर हेडच्या बाजूला दोरी ओवायला धातूचं लहान छिद्र असतं. त्याला दोरीचं टोक त्या छिद्रात जाईना. दोरी बोटांत धरलेली दिसत होती, पण ती बोटांत आहे हे त्याला कळत नव्हतं. दोनदा निसटली. मग त्यानं दोन्ही हात मांड्यांवर चोळले, थोडा थांबला आणि पुतण्याला म्हणाला, तू घाल. पुतण्यानं घातली. रोजचीच गोष्ट असल्यासारखी.

हा थंडीचा किंवा वयाचा प्रकार नव्हता. हातात धरलेल्या मशीनचा कंप वर्षानुवर्षं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसांवर आघात करत राहतो. आधी मुंग्या, मग बधिरपणा, आणि पुढे थंडीत बोटं पांढरी पडतात. पुढच्या टप्प्यातलं नुकसान भरून येत नाही. युरोपात 2002 च्या नियमानुसार आठ तासांच्या दिवसाला हाताच्या कंपाची सरासरी 2.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकानं उपाय करायला हवा, आणि 5 ही कमाल मर्यादा आहे. वापरून खिळखिळ्या झालेल्या, रबरी बुश गेलेल्या टू-स्ट्रोक मशीनला ती मर्यादा ओलांडायला पूर्ण दिवस लागत नाही. बॅटरीच्या ट्रिमरमध्ये वर-खाली आपटणारा पिस्टन नसतो. पात्यांचा कंप राहतो, इंजिनाचा जातो.

कानाचंही तसंच. ब्रश कटर चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज 100 डेसिबलच्या आसपास सहज पोचतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस 85 डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं उरतात. माळीदादा कानात कापूस घालायचा. कापसानं फारसं काही अडत नाही.

आवाजाबद्दल रहिवाशांनाही दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला सकाळी 6 ते रात्री 10 या वेळात 55 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती परिसरातल्या सरासरी आवाजाची आहे. सकाळी अर्धा तास मशीन चाललं म्हणून लगेच ती मर्यादा मोडली असं होत नाही. दुसरं म्हणजे बॅटरीचं मशीन मुकं नसतं. हेज ट्रिमर खरंच शांत असतो, दोन घरं पलीकडे फारसा ऐकू येत नाही. ब्लोअरचा आवाज मुळात हवेचा असतो, तो बॅटरीवरही सणसणतोच. "बॅटरी म्हणजे शांतता" ही समजूत घेऊन ठराव केला असेल तर जूनमध्ये पहिल्याच सकाळी नवी तक्रार येईल, हे मी काकांना तोंडावर सांगितलं.

एका पॅकची खरी किंमत

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं होतं, बॅटरीची ती खेळणी, त्यात दम नाही. विजेवर चालणारं बागेचं मशीन काही कालचं नाही. जर्मनीच्या श्टील कंपनीची 1926 मधली पहिली साखळी करवत विजेवरच चालायची, पेट्रोलची तीन वर्षांनी, 1929 मध्ये आली. तेव्हा अडचण वायरची होती. लिथियम-आयन सेल 1991 मध्ये बाजारात आले आणि पुढच्या दोन दशकांत वायर सुटली. आता प्रश्न दमाचा कमी आणि किती वेळ टिकतं याचा जास्त आहे.

तो प्रश्न आकड्यांनीच सुटतो. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास 9 युनिट ऊर्जा असते. छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात त्यातला पाचवा-सहावा हिस्साच पात्यापर्यंत पोचतो, म्हणजे दीड युनिट. बॅटरीचा 36 व्होल्ट, 5 अँपियर-अवरचा पॅक 180 वॅट-अवरचा, म्हणजे 0.18 युनिट. ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली, मोटर त्यातलं बहुतेक कामाला लावते, तरी एका लिटर पेट्रोलचं पूर्ण जोराचं काम करायला असे आठ-नऊ पॅक लागतील. इथवर कॉन्ट्रॅक्टर बरोबर होता.

पण सगळी कामं पूर्ण जोराची नसतात. मेंदी कातरताना मोटर सरासरी 200-220 वॅट ओढते आणि ट्रिगर सोडला की शून्य, तर पेट्रोलचं इंजिन माळी घाम पुसत उभा असतानाही पेट्रोल पीतच असतं. म्हणून तोच पॅक हेज ट्रिमरवर पाऊण तासाच्या पुढे चालतो. उंच गवतात ब्रश कटर 700 वॅटच्या वर जातो आणि तोच पॅक पंधरा मिनिटांत संपतो.

आता पैसे. विजेचा खर्च नगण्य आहे: चार्जरमधला तोटा धरून एक पॅक भरायला 0.2 युनिटच्या आसपास, आठ रुपये युनिट धरलं तरी दोन रुपयांच्या आत. खरा खर्च पॅक झिजण्याचा. चांगल्या पॅकला 12,000 रुपये धरा आणि रोजच्या राबवणुकीत 400 पूर्ण चार्जिंगचं आयुष्य धरा. भागाकार 30 रुपये. म्हणजे एक पॅक एकदा रिकामा करायची किंमत 32 रुपये. दुकानदार हा आकडा सांगत नाही, तो दोन रुपयेच सांगतो.

हेज ट्रिमरला तासाला सव्वा पॅक धरला तर 40 रुपये. पेट्रोल ट्रिमर तासाला अर्धा लिटर खातो, तेव्हा बडोद्यात पेट्रोल 95 च्या आसपास होतं आणि वर ऑइल, म्हणजे 50 रुपये. बॅटरी स्वस्त पडली, आणि प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटर साफ करायचा खर्च यात धरलेलाच नाही. ब्रश कटरला उंच गवतात तासाला चार पॅक, म्हणजे 128 रुपये. पेट्रोलवर तेच काम लिटरभरात, 100 रुपयांत. इथे पेट्रोल पुढे.

चार्जिंगचा वेळ धरला तर फरक आणखी उघडा पडतो. फास्ट चार्जरवर असा पॅक पाऊण तास ते तासाभरात भरतो. मेंदीच्या कामात एक पॅक संपेपर्यंत दुसरा जवळजवळ भरलेला असतो, तेव्हा दोन-तीन पॅकवर दिवसभर साखळी चालू राहते. गवतात पंधरा मिनिटांत पॅक संपतो, मग ती साखळी चालू ठेवायला चार-पाच पॅक आणि एकापेक्षा जास्त चार्जर हवेत. म्हणजे पन्नास-साठ हजार रुपये नुसते डब्यांत. वर्षातून मोजक्या वेळा साफ होणाऱ्या पट्टीसाठी ते कुणीच करू नये.

सेक्रेटरीकाकांनी मध्येच एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला: "मग कातरीनं का नाही करत?" बडोद्याची कमाटीबाग 1879 ची, तिथली कुंपणं पिढ्यानपिढ्या हातकातरीनंच राखली गेली. गेटजवळची गोल कापलेली झाडं आम्ही कातरीलाच ठेवली, तिथे मशीनपेक्षा हात चांगला चालतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कुंपणं मात्र कातरीनं करायची तर दोन माणसं वाढतील आणि माळीदादाच्या मनगटाला वेगळं दुखणं लागेल.

घोडं कुठे अडलं

मशीनं ठरवणं सोपं गेलं. अडलं ते पैसे कुणी घालायचे यावर.

कॉन्ट्रॅक्टर पेट्रोल रोजच्या रोज घेतो, शंभर-दोनशे रुपयांचं. महिन्याचं बिल मिळालं की ते वसूल होतं. बॅटरीत तीन-चार वर्षांचं इंधन पहिल्या दिवशीच विकत घ्यावं लागतं. त्याच्या हातात तेवढी रक्कम एकरकमी नसते, आणि कर्ज काढून घेतली आणि सोसायटीनं सहा महिन्यांत कॉन्ट्रॅक्ट मोडलं तर? ही भीती मला अगदी रास्त वाटली. शांतता रहिवाशांना मिळणार आणि जोखीम कॉन्ट्रॅक्टरनं घ्यायची, असा तो ठराव होता. कुणाच्या मनात तसं नसलं तरी कागदावर तसंच होतं.

मी सुचवलं, पॅक, चार्जर आणि हेज ट्रिमर सोसायटीनं घ्यावा, माणूस कॉन्ट्रॅक्टरचा. मग एका सभासदानं विजेचा मुद्दा काढला: कॉन्ट्रॅक्टर सोसायटीच्या मीटरवर चार्जिंग करणार, तर सब-मीटर लावा. मी हिशोब करून दाखवला. दिवसाला चार पॅक भरले तरी सात रुपयांच्या आत, महिन्यात बारा दिवस काम, म्हणजे 84 रुपयांच्या आत. सब-मीटर आणि बसवायची मजुरी वर्षभराच्या विजेएवढी होते. यावर बैठकीत अर्धा तास गेला. अशा बैठकांत मोठे आकडे झटकन पास होतात आणि सात रुपयांवर गाडी अडते. शेवटी काकांनी वीज कॉमन खर्चात टाकली.

ठरलं ते असं. सोसायटीनं एकाच कंपनीचे, एकाच व्होल्टेजचे तीन पॅक, एक पंखा असलेला फास्ट चार्जर, हेज ट्रिमर आणि छोटा ब्लोअर घेतला. एकाच कंपनीचा आग्रह मी धरला, कारण एका कंपनीचा पॅक दुसऱ्याच्या मशीनला बसत नाही आणि पुढे साखळी करवत घ्यायची झाली तर हेच पॅक चालायला हवेत. पिंपळाच्या पानांना ब्लोअर कमी आणि लांब दांड्याचा खराटा जास्त. जुना फोर-स्ट्रोक लॉन मोअर अजून ठणठणीत होता. तो मोडेपर्यंत वापरायचा. ब्रश कटर पेट्रोलचाच, पण टू-स्ट्रोक काढून कॉन्ट्रॅक्टरनं लहान फोर-स्ट्रोक इंजिनाचा घ्यायचा. त्यात ऑइल वेगळं असतं, न जळलेलं पेट्रोल बाहेर पडणं खूप कमी होतं आणि आवाजाची धार उतरते. पेट्रोलची दोन्ही मशीनं सकाळी 10 ते 12 आणि दुपारी 4 ते 6 एवढीच. ठराव तसा दुरुस्त केला. दोघा माणसांना कानाची खरी आवरणं, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आणि पायाला बूट, खर्च निम्मा-निम्मा.

मे महिना आणि 2024 ची रेघ

चार्जर ठेवायला पहिली जागा सुचवली गेली ती वॉचमनची केबिन. वर पत्रा. लिथियम-आयन सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. चांगला चार्जर तसा पॅक घेतच नाही, दिवा लुकलुकवत थांबतो. बडोद्यात मेमध्ये बाहेरच 42-43 असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि नुकताच काम करून आलेला पॅक स्वतःही तापलेला असतो. केबिनमध्ये चार्जिंगची साखळी दुपारी तुटलीच असती. म्हणून चार्जर क्लबहाउसच्या जिन्याखाली, उत्तरेच्या भिंतीला आला. गरम पॅक आधी वीस-पंचवीस मिनिटं फरशीवर ठेवायचा, मग चार्जरला. तिसरा पॅक घेतला तो याच वेळासाठी.

त्या भिंतीवर ऑगस्ट 2024 च्या पुराची रेघ अजून दिसते, कमरेच्या वर, खालचा चुना फुगलेला. त्या पुरात समा भागात पाणी दिवसच्या दिवस उभं होतं. फळी आम्ही रेघेच्या बरीच वर, खांद्याएवढ्या उंचीवर ठोकली. पाण्यात बुडालेला लिथियम पॅक वाळवून परत वापरायचा नसतो. आत क्षार बसतात आणि काही दिवसांनी तो आपोआप तापू शकतो. तसा पॅक किंवा फुगलेला पॅक कचऱ्याच्या गाडीत टाकायचा नाही. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत घ्यायची व्यवस्था उत्पादकानं करायची असते, म्हणून बिलं आणि पॅकचे नंबर काकांनी एका वहीत चिकटवून ठेवले आहेत. प्रत्येक पॅकवर रंगानं 1, 2, 3 आणि घेतल्याची तारीख लिहिली आहे, आळीपाळीनं वापरायला.

पावसाळ्यानंतर

जून ते दिवाळी एवढा एक हंगाम पार पडला. कुंपणांचं काम अपेक्षेपेक्षा चांगलं झालं. हेज ट्रिमर सकाळी सातला चालवता येतो, कुणाची हरकत नाही, त्यामुळे माळीदादाचं मेंदीचं काम ऊन चढायच्या आत संपतं. ओल्या फांद्यांवर पॅक लवकर संपतो, भर पावसात मशीन बाहेर काढायचं नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही, एका आठवड्यात कळलं. हातांचं विचाराल तर बधिरपणा आहे, पण पूर्वीसारखा दुपारपर्यंत राहत नाही असं माळीदादा म्हणतो. जे नुकसान आधीच झालं आहे ते ट्रिमर बदलून परत येणार नाही. पुतण्याचे हात अजून चांगले आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या खर्चाचा मोठा भाग त्याच्यासाठी वसूल होईल.

ब्रश कटरचं मात्र एक भलतंच झालं, आणि ते ठराव लिहिताना आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पेट्रोलला 10 ते 12 ही वेळ ठरवली ती रहिवाशांच्या झोपेसाठी. पण मागची पट्टी साफ करायची वेळ जूनचा पहिला पंधरवडा, पाऊस यायच्या आधी, चाळीस अंशांत. आधी हे काम सातला सुरू व्हायचं. आता आवारातलं सगळ्यात जड काम, बूट, मुखवटा आणि कानाची आवरणं घालून, ऐन उन्हात येतं. पुतण्याला त्यात एकदा चक्कर आली. सावलीत बसवून पाणी पाजल्यावर ठीक झालं, पण त्या दिवशीचं काम तिथेच थांबवलं.

मी समितीला लिहून दिलं आहे की कांसेच्या पट्टीची पावसाआधीची साफसफाई वर्षातून एकदा, फार तर दोनदा होते. त्या सकाळी पेट्रोलला सातपासून परवानगी द्या आणि आदल्या दिवशी सगळ्यांना कळवा. बहुतेक घरांनी हो म्हटलं आहे. भिंतीला लागून असलेल्या तीन घरांनी अजून सही केलेली नाही, त्यातल्या एका घरी लहान बाळ आहे. पुढच्या जूनच्या आत त्यांच्याशी बोलणं व्हायला हवं, आणि कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं आहे की ही एक अट मान्य झाली तरच तो कॉन्ट्रॅक्ट पुढे करेल.